सलव्यातलं इंग्रजी घर

डोक्यात ऊन गेल्याशिवाय कोणी कुवेतमध्ये लाकूड-मातीचं घर बांधायला सांगणार नाही, असं मी ड्रॉइंग चाळता चाळता मोठ्याने म्हणालो. मराठीत म्हणालो म्हणून वाचलो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांना भाषा कळली नाही, पण सूर कळला. ते हसले आणि लहानपणी मुंबईच्या बाजारात उचललेल्या हिंदीत म्हणाले, "पागल समझता है ना? समझो. लेकिन घर ऐसाच मंगता."

आमचा सुतारकामाचा कारखाना अम्गऱ्यात. एका बाजूला भंगाराचे ढीग, दुसऱ्या बाजूला फरशा आणि सिमेंटची वखार. दारं, कपाटं, दिवाणियातल्या, म्हणजे इथल्या पाहुण्यांच्या दालनातल्या, बैठकांच्या मागचं लाकडी नक्षीकाम, असला आमचा माल. मी ड्रॉइंग वाचतो आणि कारागिरांकडून काम करून घेतो. तोंडाने फटकळ आहे, पण हात कोणावर उचललेला नाही. इथे घर म्हणजे काँक्रीट, संगमरवर आणि वर्षभर घुंई करणारे एसी. लाकूड आत येतं ते शोभेला. आणि हे गृहस्थ मागत होते अख्खं लाकडाचा सांगाडा असलेलं, कित्येक शतकांपूर्वीच्या धाटणीचं, इंग्लंडच्या एका खेड्यातलं घर.

मालकाला इथे सगळे कामगार 'बाबा' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना बाबाच म्हणू लागलो. बाबा तरुणपणी शिकायला इंग्लंडला गेले होते. त्या खेड्यातल्या घरात एक विधवा बाई आणि तिची मुलगी राहायच्या. वरची खोली त्यांनी या परदेशी विद्यार्थ्याला भाड्याने दिली. पुढे त्या मुलीशीच बाबांचं लग्न झालं. ती कुवेतला आली, सलव्यात संसार केला, मुलं वाढवली, अरबी बोलायला शिकली आणि मच्छीसुद्धा इथल्यासारखी करायला लागली. मुलं आता दूरदेशी. आणि बाईंची स्मरणशक्ती क्षीण होत चाललेली. रोज संध्याकाळी त्या पर्स घेऊन, कोट चढवून दाराशी बसायच्या आणि म्हणायच्या, मला घरी सोडा.

डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही सांगितलं होतं. इंग्लंडातलं ते घर अजून उभं आहे, पण त्यात दुसरी माणसं राहतात. त्यांनी एवढा मोठेपणा केला की घर खुंटीन् खुंटी मोजू दिलं. ती मापं माझ्या टेबलावर पडली होती. सलव्यातल्या बंगल्याच्या बागेत हे घर उभं करायचं होतं.

"वो घर मांगती है," बाबा म्हणाले. "मैं और क्या दूं?"

माणूस मला तिथेच आवडला. आणि लगेच स्वतःचा राग आला, कारण ज्या कामातला मालक आवडतो ते काम कधी धड होत नाही, हा माझा अनुभव आहे.

पण घर होतं मोठं मजेचं. त्यात एकही रेघ सरळ नव्हती. सांगाडा सगळा ओक लाकडाचा, आणि सांध्यात खिळा नाही. एका लाकडाच्या टोकाला कूस, म्हणजे जीभ, काढायची, दुसऱ्याला तेवढंच भोक पाडायचं, दोन्ही बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. खांबांच्या मधल्या जागेत भिंत म्हणजे काटक्यांचं विणकाम आणि त्यावर माती-गवताचा गिलावा. खिडक्या लहान, त्यांत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या काचेच्या चौकटी. दार इतकं बुटकं की माझ्यासारख्या ठेंगण्यानेही मान झुकवावी. आणि चूल! ती भिंतीत नव्हती, तीच एक खोली होती. जाळाच्या दोन्ही बाजूंना आत बसायला बाक.

आमचे मिस्त्री चष्मा नाकावर घेऊन त्या चित्राकडे बघत राहिले. मिस्त्री कणकवलीकडचे, मीही तिकडचाच. मंगफच्या फ्लॅटमध्ये आम्ही एकत्र राहतो. त्यांचं वय साठीला टेकलेलं, हात अजून खणखणीत.

"चुलीत बसान जेवतत काय ही माणसा?" त्यांनी विचारलं. मग भिंतीचं ड्रॉइंग बघून त्यांचा चेहराच उजळला. "अरे, ह्यो तर कूड! आमच्या जुन्या घराक असोच होतो."

बाकी कारागिरांनी त्यांना दिवसभर छळलं. मिस्त्री इंग्लंडचे जावई झाले, मिस्त्रींचं घर राणीने चोरलं, असलं काहीबाही. मिस्त्री खूश होते. आयुष्यभर दुसऱ्यांची कपाटं केल्यावर पहिल्यांदा त्यांना घर बांधायला मिळत होतं.

घर बसायची जागा बघायला मी सलव्याला गेलो तेव्हा बाई बागेत खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी केरळची नर्स. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. बाबांनी ड्रॉइंग त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चुलीच्या बाजूच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. तो चौकोन कशाचा हे मोजणाऱ्यालाही कळलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हे मिठाचं कपाट, जाळाजवळ मीठ कोरडं राहतं. मग बाबांचा हात धरून त्या मला सांगायला लागल्या की हा पहिल्या हिवाळ्यात इतका गारठायचा की ओव्हरकोट घालून चुलीतल्या बाकावर बसायचा, आणि आई म्हणायची, या पोराला भाकरीबरोबर भाजू नका. त्या हसल्या, बाबाही हसले. दोघांना बघून मला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. हिवाळ्याच्या आत घर उभं राहिलं पाहिजे.

वरची खोली तेवढी करता येणार नव्हती. बागेतल्या बांधकामाला बलदियाने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, एकाच मजल्याची परवानगी दिली होती. जिना करायचा आणि वर फळी मारून बंद करायचा, असं ठरलं.

लाकूड इंग्लंडहून बोटीने आलं. नेमकं तेव्हाच माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला महिनाभर गावी जावं लागलं. काम मिस्त्रींवर सोपवून गेलो. त्यांच्यावर सोपवून मी आजवर निर्धास्त झोपलोय.

परत आलो आणि कारखान्यात पाऊल टाकलं तर खांब तयार होते. रंधा मारलेले, कुशी काढलेले, देखणे. मी ड्रॉइंग उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ड्रॉइंगात खांब वरच्या टोकाला जाड आणि खाली निमुळते होते. मिस्त्रींनी ते जाड टोक खाली घेतलं होतं. सगळेच्या सगळे खांब उलटे कापले होते.

म्हणजे आपल्या दृष्टीने सुलटे. झाडाचा बुंधा खाली, शेंडा वर. इंग्रजांच्या त्या जुन्या सुतारांची रीत नेमकी उफराटी. ते झाडाचा बुंधा वर करतात. कारण खांबाच्या डोक्यावर तीन लाकडं एकत्र येतात: भिंतीवरची लांब तुळई, खोलीवरून आडवी जाणारी तुळई आणि छपराचा वासा. तिन्हींचे सांधे कापायचे तर तिथे भरपूर लाकूड पाहिजे. मिस्त्रींच्या खांबाच्या डोक्यावर दुसरी कूस काढायलाही जागा उरली नव्हती. लाकूड फुकट गेलं होतं.

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री खाली बघत ऐकत होते.

"ड्रॉइंग दिसला नाय तुमका?" शेवटी मी विचारलं. "वर जाड काढलेला आसा तो काय गळू म्हणून?"

"दिसला," ते म्हणाले.

"मग?"

"अरे, बुडखो वर नि शेंडो खाली? त्या घरातला माणूस टिकणा नाय. माझ्या बापाशीन माका पयली गोष्ट शिकवल्यान ती ही. ती बाई आधीच आजारी. तिच्या घराक मी माझ्या हातान उलटे खांब लावू?" त्यांचा आवाज चिरकला. "माका वाटला, वर लाकडाचो टेकू देवन भागवू. कोणाक कळाचा नाय, नि बाय जगात."

माणसाने कामचुकारपणा केला असता तर मी त्याला धुऊन काढलं असतं. यांनी त्या बाईचा जीव वाचवायला लाकूड वाया घालवलं होतं. आमच्याकडे म्हणतात ना, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

बाबांना मी फोनवर सांगणार होतो, पण मिस्त्री म्हणाले, त्यांना बोलवा, मी सांगतो. बाबा दुसऱ्या दिवशी आले. धुळीचं वादळ होतं. त्यांच्या दिशदाशाची, त्या लांब पांढऱ्या झग्याची, बाही पिवळट झाली होती. मिस्त्री त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "झाड जैसा खडा था, खंबा वैसा खडा करना पडता है, बाबा. उलटा किया तो घर का आदमी जाता है. मॅडम बीमार है."

बाबा खांबांवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"मेरी बीवी के वास्ते किया?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"वो घर ऐसे खंबे पर बहुत साल से खडा है," बाबा म्हणाले. "उसमें वो पैदा हुई. लकडी फिर मंगाएंगे. तुम ही बनाना." आणि जाता जाता दारात थांबून माझ्याकडे वळले. "लेकिन जल्दी. उसके पास टाइम नहीं."

जल्दी! लाकूड जल्दी येत असतं तर काय हवं होतं! तिकडे तसलं लाकूड तयार नव्हतं, मग बोट नव्हती, मग बोट होती तर बंदरातले कागद अडले. रमजान गेला, ईद गेली. उन्हाळा चढला, दुपारी बाहेर काम करायची बंदी सुरू झाली. सरकारी कागदपत्रं करणारा आमचा मंदूब रोज सांगायचा, बुकरा. म्हणजे उद्या.

त्या उन्हाळ्यात मी पाया बघायला पुन्हा सलव्याला गेलो. मॅडम आता एसीच्या खोलीत होत्या. मला त्यांनी हसून बसायला सांगितलं. बाबा चहा घेऊन आले, तर त्यांच्याकडे हात करून त्या मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे गृहस्थ रोज येतात. फार सभ्य आहेत." बाबांनी चहा टेबलावर ठेवला आणि कप सरळ करत बसले. मी चहा तसाच ठेवून उठलो. घराबाहेर येऊन मी गाडीत बसलो आणि मिस्त्रींना, लाकडाला, बोटीला, ज्या बापाने त्यांना ती पहिली गोष्ट शिकवली त्या बापालाही शिव्या घातल्या. मंगफला जाऊन मिस्त्रींना मात्र यातलं काही सांगितलं नाही.

नवे खांब एकदाचे आले. मिस्त्रींनी ते ड्रॉइंगबरहुकूम कापले, बुंधा वर. शेवटच्या खांबाची कूस झाली तेव्हा त्यांनी आम्हाला कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात गोळा केलं. नारळ आणला होता. आपल्याकडे कोकणात देवाला घालतात तसं गाऱ्हाणं त्यांनी घातलं. "बा देवा म्हाराजा, परमुलखातसून तुका हाक मारतंव. खांब उलटे लागतत, ती त्या घराची रीत आसा. काय दोष आसात तो माझ्या एकट्याच्या डोक्यार घाल. पण त्या बायक सुखी ठेव, तिका तिचा घर दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण सगळ्यात मोठ्याने मीच म्हणालो.

थंडी सुरू होता होता घर उभं राहिलं. वरून चपटी कौलं, आत मातीचा वास. बंगल्याच्या काचा आणि संगमरवरापुढे ते वाकडंतिकडं, काळ्या लाकडाचं आणि पांढऱ्या भिंतींचं घर बघायला शेजारपाजारचे ड्रायव्हर फाटकाशी जमायचे. मिस्त्रींनी जन्मभर काम सरळ यावं म्हणून ओळंबा लावला होता. इथे त्यांनी ओळंबा लावून बघितलं की भिंत ड्रॉइंगात आहे तेवढी कलली आहे ना. काम अस्सल झालं होतं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मॅडमना आणलं तो दिवस निरभ्र होता. चुलीत जाळ केला होता. एका बाजूने नर्स, दुसऱ्या बाजूने बाबा. आम्ही कारागीर बागेच्या भिंतीशी ओळीने उभे. दाराशी आल्यावर नर्स त्यांना सांगणार होती, डोकं सांभाळा. त्याआधीच मॅडमनी मान झुकवली. अगदी नेमकी, जेवढी हवी तेवढी. आणि आत गेल्या.

मिस्त्री रडायला लागले. बाबाही.

मॅडमनी कोट काढून दारामागच्या खुंटीला अडकवला. बूट काढले. मिठाच्या कपाटाचं दार उघडून बंद केलं. मग चुलीतल्या बाकावर बसून त्यांनी पाय जाळाकडे केले आणि असा निःश्वास टाकला की मला माझ्या आईची आठवण झाली, शेतावरून आल्यावर ती तसाच टाकायची. बाबा त्यांच्याजवळ बसायला वाकले. मॅडम एकदम सावरून बसल्या.

"माफ करा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आई घरी नाही. मी एकटीच आहे. ती आल्यावर या."

बाबांनी त्यांचं नाव घेतलं. स्वतःचं नाव सांगितलं. मॅडमच्या डोळ्यांत भीती दिसायला लागली, तेव्हा ते उठले आणि बाहेर आले.

ते घर मॅडमना इतकं आपलं वाटलं की त्या परत बंगल्यात आल्याच नाहीत. नर्सची खाट तिथेच टाकली. नर्स म्हणाली, दाराशी पर्स घेऊन बसणं थांबलं, जेवण वाढलं, झोप लागते. सुख म्हणतात ते हेच असेल तर त्या सुखी होत्या. फक्त त्या सुखात नवरा नव्हता. तो नंतरचा होता. बाबा रोज जाऊन दार वाजवायचे आणि रोज त्यांना दारातूनच, मोठ्या सभ्यपणे, आई आल्यावर यायला सांगितलं जायचं. बंगल्यात होत्या तेव्हा निदान "हे गृहस्थ" शेजारी बसून चहा तरी पिऊ शकत होते.

हे कळल्यावर मिस्त्रींनी जेवण टाकलं. मी त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, खांबांचा काही संबंध नाही, घर चांगलं झालं म्हणून हे झालं, वाईट बांधलं असतंत तर ती बाई फसली नसती.

"खांबांचा नाय म्हणत मी," ते म्हणाले. "म्हाराजान माझा आयकल्यान. घर दाखव म्हटलंय, घर दाखवल्यान. घोवाक पण दाखव, ह्या म्हणूचा रवला माझा. आणि ता लाकूड पयल्यांदाच ड्रॉइंगासारखा कापलंय आसतंय तर ती तेका वळखी होती, तेव्हाच घर झाला आसता."

शेवटचं वाक्य खरं होतं. मी त्यांच्या ताटात भात वाढला आणि ते जेवले नाहीत.

पुढे बाबा एकदा अम्गऱ्याला आले. महिन्याभरात माणूस वाळला होता. त्यांनी ड्रॉइंग मागितलं आणि जिन्याच्या वरच्या भागावर बोट ठेवलं. मॅडम मधूनच जिन्याकडे बघतात, म्हणाले, वर कोणी आहे का ऐकतात. त्या घरात बाबांसाठी जागा होती ती एकच होती, वरच्या खोलीतल्या भाडेकरूची. ती खोली तेवढी आम्ही बांधली नव्हती.

"मेरा कमरा बनाओ," बाबा म्हणाले. "मैं किराएदार बनके जाएगा. उससे तो वो बात करती थी."

परवानगीसाठी या वयात त्यांनी स्वतः बलदियात खेटे घातले. कसे काय, कोणाच्या ओळखीने, मला माहीत नाही, पण कागद आणला. मिस्त्रींनी त्या खोलीत दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मूळ खोलीची जमीन एका बाजूला उतरती होती, तो उतार त्यांनी तसाच धरला. छपराखालची बुटकी खिडकी, भिंतीला टेकलेला अरुंद पलंग, टेबल. कामाच्या वेळी आम्ही पायताणं काढून चालायचो, कारण खाली मॅडम असायच्या. त्या आम्हाला बघून खूश व्हायच्या. छप्पर दुरुस्त करणारी माणसं आली, असं त्यांना वाटायचं.

खोली झाली त्या दिवशी आम्ही हत्यारं गोळा करत होतो. बाबा बंगल्यातून निघाले. दिशदाशा नव्हता. जुना लोकरी कोट घातलेला, खांद्यांवर सैल झालेला, हातात लहान बॅग. दाढी नीट केलेली. ते दाराशी आले, त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि दार वाजवलं. मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला.

मॅडमनी दार उघडलं.

"भाड्याने खोली आहे असं ऐकलं," बाबा इंग्रजीत म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, बॅगेकडे पाहिलं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

"खोली होती," त्या म्हणाल्या, "पण ती दिलेली आहे. एक कुवेती मुलगा राहतो. शिकायला आलाय." मग आत कोणी ऐकत नाही ना हे बघून त्या थोड्या पुढे झाल्या आणि त्यांचा चेहरा लाजरा झाला. "मी त्याच्याशी लग्न करणार आहे. आईला अजून सांगितलं नाही. तुम्हीही कोणाला सांगू नका."

नाही सांगणार, असं बाबा म्हणाले. त्यांनी तिचं अभिनंदन केलं, बॅग उचलली आणि बागेतून आपल्या बंगल्याकडे चालत गेले.